एक्झिट साइन: शंभराचं स्टिकर, हजाराची पेटी आणि भिंतीवरची जागा

फायर ऑडिटच्या कागदावर "एक्झिट साइनेज नाही" असा शेरा आला की सोसायटीचे सेक्रेटरी मुंबईची लोहार चाळ नाहीतर पुण्याची तपकीर गल्ली, म्हणजे विजेच्या सामानाचा बाजार गाठतात आणि वीस-पंचवीस हिरव्या पट्ट्या घेऊन येतात. पट्ट्या चिकटतात, फोटो निघतो, शेरा जातो. अंधारात त्यातल्या किती दिसतात हे बघायला रात्री मेन स्विच पाडून जिन्यात उभं राहावं लागतं, आणि तेवढं कोणी करत नाही. बाजारात मिळणाऱ्या चार प्रकारांचा हा आढावा त्या अंधाराच्या हिशेबाने केला आहे. सोबत वायरिंग आणि जागाही घेतली आहे, कारण या वस्तूत निम्मा दोष मालात नसतो, लावण्यात असतो.

साधं स्टिकर आणि रेडियम

सगळ्यात स्वस्त माल म्हणजे सनबोर्डवर किंवा व्हिनाइलवर छापलेली हिरवी पाटी. दिवसा छान दिसते. लाइट गेली की भिंत आणि पाटी एकच. त्याहून फसवा प्रकार म्हणजे गाड्यांच्या मागे लावतात तो रेडियमचा कागद. मोबाइलचा टॉर्च मारला की लख्ख चमकतो, म्हणून दुकानदारही बिनधास्त दाखवतो. पण तो स्वतः उजेड देत नाही. टॉर्चचा उजेड टॉर्चवाल्याकडे परत पाठवतो, इतकंच. एका हातात मूल आणि दुसऱ्या हाताने तोंडावर फडकं धरलेल्या माणसाकडे टॉर्च कुठून येणार?

दुकानातच तपासायचं तर पाटी ट्यूबलाइटखाली पाच मिनिटं ठेवा, मग तिच्यावर दोन्ही हातांनी आडोसा करून फटीतून आत बघा. हिरवट-पिवळा उजेड दिसला तर पुढे बोला. काळोख दिसला तर परत द्या. हे दोन्ही प्रकार घेऊच नयेत.

नाइट ग्लो पाटी

ही खरी कामाची वस्तू. चांगली मिळाली तर वायरशिवाय, बॅटरीशिवाय वर्षानुवर्षं चालते. बाजारात हिला नाइट ग्लो, ऑटो ग्लो म्हणतात. डेटाशीटवर, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकावर, फोटोल्युमिनेसंट लिहिलेलं असतं. सगळा खेळ आतल्या पावडरीचा. स्वस्त पाट्यांत झिंक सल्फाइड असतं, ते सुरुवातीला बरं उजळतं आणि थोड्याच वेळात मंद होतं. चांगल्या पाट्यांत स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट असतं. त्याचाही उजेड उतरत जातो, पण अंधाराला सरावलेल्या डोळ्याला काही तास दिसत राहतो.

विकणारा "आठ तास ग्लो" म्हणेल. त्यावर विचारायचा प्रश्न वेगळा: उजेड बंद केल्यावर १० मिनिटांनी किती मिलिकँडेला (उजेड मोजायचं एकक) आणि ६० मिनिटांनी किती? जर्मनीच्या डीआयएन ६७५१० मानकात बी वर्गाला प्रति चौरस मीटर ५० आणि ७ मिलिकँडेला लागतात, सी वर्गाला १४० आणि २०. घ्यायची तर सी किंवा वरची. डेटाशीटवर हे दोन आकडेच नसतील तर तासांच्या गप्पांना अर्थ नाही, कारण शेवटचे सहा-सात तास पाटी जेमतेम जाणवते, वाचता येत नाही.

आता हिची खरी अडचण. ही पाटी आधी उजेड पिते, मग देते. गेल्या चार-पाच वर्षांत बऱ्याच सोसायट्यांनी वीजबिल वाचवायला जिन्यात आणि पॅसेजमध्ये सेन्सरचे दिवे लावले. माणूस आला की अर्धा मिनिट दिवा लागतो, मग बंद. रात्री दोन वाजता अशा जिन्यातली ग्लो पाटी उपाशीच असते. महागातली सी वर्गाची पाटी लावूनही ती अंधारात दिसत नाही, आणि दोष मालाला लागतो. दुसरं कारण दिव्याच्या रंगाचं. ही पावडर निळसर आणि अतिनील उजेडावर चांगली भरते. पिवळसर, म्हणजे वॉर्म व्हाइट एलईडीत निळा भाग कमी असल्याने ती अर्धवट भरते. हॉटेलांच्या मंद पिवळ्या लॉबीत ग्लो पाटी म्हणूनच निराश करते. उपाय फार खर्चिक नाही: पाटीजवळचा एक दिवा, पाच-सात वॅटचा कूल व्हाइट, सेन्सरवरून काढून कायम चालू ठेवायचा. ते जमणार नसेल तर त्या जागी ग्लो पाटी घेऊ नका, बॅटरीची पेटी घ्या.

चिकटवण्याबद्दलही एक सांगायला हवं. मागे डबल टेप असलेली पाटी डिस्टेंपरच्या भिंतीवर पहिला पावसाळा काढत नाही. टेप सुटत नाही, रंगाचा पापुद्रा सुटतो. दोन मिलिमीटरच्या कडक पीव्हीसी शीटवर छापलेली घ्यावी, चार कोपऱ्यांना भोकं पाडून रॉल प्लग आणि स्क्रूने बसवावी. आणि रंगकाम निघालं की काढून ठेवावी. रंगारी तिच्यावरून ब्रश फिरवतोच, मग पुसतो, आणि उरलेल्या पातळ थराने अर्धा उजेड जातो.

बॅटरीची पेटी

एलईडी, बॅटरी आणि चार्जर एकाच डब्यात असलेली ही पेटी पाचशे-सातशे रुपयांपासून मिळते, बरी घ्यायची तर हजाराच्या पुढे जावं लागतं. फरक बाहेरून दिसत नाही, आतल्या बॅटरीत असतो. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे (एनबीसी २०१६) आपत्कालीन प्रकाश लाइट गेल्यापासून ५ सेकंदांत यायला हवा आणि किमान दीड तास टिकायला हवा. पेटी त्यात बसते का, हे बॉक्सवरच्या आकड्यांवरून दुकानात उभ्याउभ्या कळतं. बॅटरीचे व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर (बॉक्सवरचे एमएएच भागिले हजार), भागिले दिव्याचे वॅट. ३.७ व्होल्ट, १२०० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण ४.४ वॅट-अवर, दिवा २ वॅटचा असेल तर कागदावर दोन तास दहा मिनिटं, सर्किटमधली गळती धरून दीड तासाच्या आसपास. हे चालेल. ६०० एमएएच आणि ३ वॅट असेल तर कागदावरच पाऊण तास होत नाही, आणि बॉक्सवर मात्र "३ तास बॅकअप" छापलेलं असतं. एमएएचचा आकडाच लिहिला नसेल तर पेटी तिथेच ठेवून या.

निकेल-कॅडमियमची बॅटरी जड आणि जुन्या पद्धतीची, पण उकाडा सोसते. गच्चीखालच्या मजल्यावर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये तीच बरी. लिथियममध्ये लिथियम फेरोफॉस्फेट असेल तर उत्तम. साधा लिथियम-आयन सेल असेल तर संरक्षक सर्किट आहे का ते विचारा. आग टाळायच्या डब्यात फुगणारा सेल कशाला?

पेटी दोन तऱ्हेची येते: कायम पेटलेली, आणि लाइट गेल्यावरच पेटणारी. थिएटर, हॉल, हॉस्पिटल, मॉल अशा जिथे लोकांना जागा परकी आहे तिथे कायम पेटलेलीच हवी. राहत्या इमारतीतही आमचं मत तिच्याच बाजूने आहे, कारण बिघडलेली लगेच दिसते. दुसरी तऱ्हा बिघडून वर्ष झालं तरी कोणाला पत्ता लागत नाही.

रंग हिरवा. जुन्या थिएटरांतून आणि अमेरिकी धाटणीच्या मालातून अजून लाल अक्षरांची पेटी मिळते, ती टाळा. संहितेत हिरवाच रंग सांगितला आहे, आणि लाल रंग अग्निशामक, होज रील यांचा. लाल पेटीच्या खाली लाल सिलिंडर असला की घाबरलेल्या नजरेला दोन्ही एकच दिसतात.

चित्रही तपासा. धावणाऱ्या माणसाचं हे चित्र मुळात जपानी डिझायनर युकिओ ओता यांच्या कामातून आलं. आयएसओ ७०१० या आंतरराष्ट्रीय चिन्हांच्या मानकात डावीकडे धावणारा ई००१, उजवीकडे धावणारा ई००२. माणूस आणि बाण एकाच दिशेला हवेत. स्वस्त मालात छपाई एकच आणि बाणाचं स्टिकर वेगळं, त्यामुळे माणूस डावीकडे पळतो आणि बाण उजवीकडे दाखवतो. अशा पेट्या सर्रास विकल्या जातात.

दोन्ही बाजूंनी दिसणाऱ्या पेटीत याहून मोठी गफलत होते, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. पॅसेजच्या भिंतीतून काटकोनात बाहेर आलेली पेटी घ्या. येणाऱ्याच्या उजव्या हाताला जिना आहे, म्हणून समोरच्या बाजूवर उजवा बाण. पलीकडून येणाऱ्याला तोच जिना डाव्या हाताला लागतो, म्हणजे मागच्या बाजूवर डावा बाण हवा. कारखान्यात दोन्ही बाजूंना एकच फिल्म घातलेली असते: इकडूनही उजवा, तिकडूनही उजवा. मागच्या बाजूचा माणूस सरळ विरुद्ध भिंतीकडे, बऱ्याचदा कोणाच्या तरी फ्लॅटच्या दाराकडे पाठवला जातो. ऑर्डर देताना "दुहेरी, बाण आरशातला" असं स्पष्ट सांगा आणि लावायच्या आधी जमिनीवर धरून दोन्हीकडून बघा.

पारदर्शक अ‍ॅक्रिलिक

छतापासून लटकणारी, कडेने उजळणारी काच-पाटी. आर्किटेक्टना आवडते, इंटिरिअरच्या फोटोत छान येते. एकाच पानावर कोरलेली असल्यामुळे हिचा बाण मागूनही बरोबर दिशा दाखवतो, पण अक्षरं उलटी दिसतात. खरी खोट वेगळी: पार्श्वभूमी पारदर्शक, त्यामुळे मागे जे असेल त्यावर हिचं दिसणं ठरतं. मागे खिडकी किंवा झगमगता शोरूम असला तर दिवसा पाटी गायब. मागे गडद किंवा पांढरी अपारदर्शक पट्टी असलेलं मॉडेल मिळतं. तेच घ्यावं, नाहीतर साधी पेटी बरी.

कुठे लावायचं

आकाराचा हिशेब सोपा आहे. आतून उजळणारी पाटी तिच्या चित्राच्या उंचीच्या २०० पट अंतरावरून वाचता येते, बाहेरच्या उजेडावर दिसणारी १०० पट. म्हणजे १०० मिलिमीटर उंचीची पेटी २० मीटरवरून, आणि तेवढीच ग्लो पाटी १० मीटरवरून. ती १० मीटरही पुरता उजेड असताना, अंधारात त्याहून कमीच धरा. बाजारात सर्वांत जास्त खपणारी पट्टी १२ बाय ४ इंचांची, तिच्यात चित्र जेमतेम ९० मिलिमीटरचं. मंगल कार्यालयाच्या ३० मीटर लांब हॉलमध्ये ती शेवटच्या रांगेला टिकलीएवढी दिसते. तिथे १५० मिलिमीटर चित्राची उजळ पेटी लागते.

एक नेहमीचा मजला घेऊ. मधोमध लिफ्ट, १८ मीटरचा पॅसेज, दोन्ही टोकांना बाजूच्या भिंतीत जिन्याची दारं. इथे दारावर भिंतीला चिकटून लावलेली पेटी पॅसेजमधून दिसतच नाही. दारासमोर उभं राहिल्यावर दिसते, आणि तोपर्यंत दार सापडलेलंच असतं. म्हणून दोन्ही दारांपाशी काटकोनात बाहेर येणारी दुहेरी पेटी, खालची कड जमिनीपासून दोन मीटरच्या वर. १०० मिलिमीटरचं चित्र इथे पुरतं. लिफ्टसमोरच्या भिंतीवर दोन्हीकडे बाण दाखवणारी एक पाटी आणि तिच्याखाली "आग लागल्यास लिफ्ट वापरू नका". मग प्रत्येक जिन्याच्या दारापाशी, कडीच्या बाजूच्या भिंतीवर, जमिनीपासून ३०-४० सेंटिमीटरच्या आत एक ग्लो पाटी.

ही खालची पाटी बहुतेक ठिकाणी नसते, आणि आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाची तीच. धूर आधी छताला भरतो आणि तिथून खाली उतरतो. दोन मीटरवरची झगमगती पेटी सगळ्यात आधी त्यात बुडते. वाकून किंवा रांगत निघालेल्या माणसाच्या नजरेसमोर जे असेल तेच त्याच्या उपयोगाचं. अर्थात चपलांचं कपाट, सायकल, पाण्याचे कॅन यांची जागाही नेमकी तीच. तेव्हा पाटी लावण्याआधी ती भिंत मोकळी करून घ्यावी लागते.

दाराच्या फळीवर पाटी लावू नये. फायर डोअर बंदच राहायला हवं, पण हवा यावी म्हणून कोणीतरी त्याला वीट लावून ठेवतं, आणि उघड्या दारामागे पाटी जाते. पीओपीचं छत नंतर खाली आणलं, तर आधीची पेटी त्याच्या खोबणीत अर्धी लपते. इंटिरिअरवाल्याच्या बिलात ती खाली आणण्याचा खर्च आधीच धरा. गणपतीत आणि दिवाळीत माळा पेटीवरूनच सोडल्या जातात, तेही बघावं.

जिन्यात प्रत्येक मजल्याच्या लँडिंगवर, समोरच्या भिंतीवर मजल्याचा आकडा हवा. संहितेत त्या फलकाचा आकार किमान अर्धा मीटर बाय अर्धा मीटर दिला आहे. दिसायला बोजड वाटतो, पण अग्निशमन दलाच्या जवानांना तोच लागतो. तळमजल्यावर जिना पुढे बेसमेंटला जात असेल तर तिथे मोठी पाटी लावाच. वरून पळत येणारा माणूस मजले मोजत नाही, सुटलेल्या वेगात पार्किंगमध्ये उतरतो. बाणाबद्दल दुमत नको: सरळ पुढे जायचं असेल तर बाण वर, जिना उतरायचा असेल तर खाली. दारावर खाली दाखवणारा बाण लावला की काहींना तो "खालच्या मजल्यावर" वाटतो.

जी दारं बाहेर नेत नाहीत त्यांचंही बघायला हवं. मुंबईत कमला मिलच्या २९ डिसेंबर २०१७ च्या आगीत १४ जण गेले. त्यातले बरेच जण स्वच्छतागृहात अडकून गुदमरले. रेस्टॉरंटमध्ये स्वच्छतागृह, कोठीघर, किचनच्या दारांवर "बाहेर जाण्याचा मार्ग नाही" असं ठळक लिहिणं स्वस्त आहे, आणि तरी फार कमी ठिकाणी दिसतं. तसंच कुलूप असलेल्या गच्चीकडे, साखळी घातलेल्या कोलॅप्सिबल गेटकडे बाण दाखवू नये. दिल्लीच्या उपहार थिएटरमध्ये १३ जून १९९७ ला ५९ जण गेले, तिथे बाल्कनीतली उजवीकडची वाट जादा खुर्च्या घालून बुजवलेली होती. वाट मोकळी नसेल तर पाटी माणसाला सापळ्यात नेते.

मजकूर मराठीत असावाच. एसटीत "संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग" वाचत वाढलेल्या माणसाला तो शब्द डोळ्यात भरतो. पण चित्र आणि बाण लहान करून तीन भाषा कोंबू नका. वाचता न येणाऱ्यालाही चित्र कळतं.

वायर कुठून घ्यायची

पेट्या मरण्याचं पहिलं कारण इथे आहे. वायरमन सोय बघून पेटी पॅसेजच्या दिव्याच्या स्विचनंतर जोडतो. सकाळी वॉचमन दिवे बंद करतो, पेटीला वाटतं लाइट गेली. ती बॅटरीवर पेटते आणि रिकामी होऊन विझते. संध्याकाळी पुन्हा चार्जिंग. रोज असं झालं की काही महिन्यांत बॅटरी संपते. पेटीची फेज स्विचच्या आधी, पण त्याच मजल्याच्या दिव्यांच्या एमसीबीवरून घ्यावी. म्हणजे नुसता तो एमसीबी पडला तरी पेटीला कळतं.

बॅटरी नसलेल्या, जनरेटरवर चालणाऱ्या पाट्यांचं गणित वेगळं. त्यांना स्वतंत्र सर्किट आणि पर्यायी पुरवठा लागतो, शिवाय वायर आगीत टिकणारी हवी. ऑटोमॅटिक जनरेटरलाही उचलायला दहा-पंधरा सेकंद जातात, म्हणजे पाच सेकंदांची अट चुकते; हाताने सुरू करायचा असेल तर बोलायलाच नको. लहान-मध्यम सोसायटीला म्हणून स्वतःची बॅटरी असलेली पेटीच बरी: वायर जळाली तरी ती पेटलेली राहते.

नव्या पेटीला आधी सलग २४ तास चार्जिंग द्या. टेस्टचं बटण दाबून दिवा लागला म्हणजे एवढंच कळतं की बॅटरी जोडलेली आहे. महिन्यातून एकदा बटण पुरे, पण वर्षातून एकदा एमसीबी पाडून दीड तास घड्याळ लावावं लागतं. हे रात्री करू नका. पेट्या रिकाम्या झाल्यावर भरायला पुन्हा दिवस जातो आणि तेवढा वेळ इमारत उघडी पडते. सकाळी करा, निम्मे मजले आज, निम्मे आठवड्याने. जी पेटी दीड तासाआधी विझली तिच्या मागे मार्करने मिनिटं आणि तारीख लिहा. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याखाली परवानाधारक एजन्सीचा फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. ही चाचणी डिसेंबरात केली तर बॅटऱ्या बदलायला वेळ मिळतो. एजन्सीच्या माणसाकडून बटणाऐवजी एमसीबीची चाचणी मागून घ्या, तो आपणहून करेलच असं नाही.

काय घ्यावं

वरच्या नमुन्याच्या मजल्याला दोन दुहेरी पेट्या, लिफ्टसमोर एक उजळणारी पाटी, खाली दोन ग्लो पाट्या आणि मजल्याच्या आकड्याचे दोन फलक पुरतात. पैसे कमी असतील तर पेट्या या वर्षी जिन्याच्या दारांपुरत्या घ्या आणि लिफ्टसमोर सी वर्गाची ग्लो पाटी चालवा. खालच्या ग्लो पाट्या मात्र वगळू नका, त्या सगळ्यांत स्वस्त आहेत. हॉस्पिटल, हॉल, थिएटरला ही काटकसर लागू नाही, तिथे सगळ्या कायम पेटलेल्या पेट्याच. बिल करताना वॉरंटीत बॅटरी धरली आहे का ते लिहून घ्या, कारण बहुतेक ठिकाणी दोन वर्षांची वॉरंटी एलईडीची असते आणि बॅटरीची सहा महिन्यांची. बदलीची बॅटरी सुटी मिळते का, तेही त्याच वेळी विचारा. ज्या पेटीचा डबा चिकटवून बंद केलेला असतो ती बॅटरी संपली की अख्खी फेकावी लागते.